शंभरात तीन

सन २०२५. माझं वय शहात्तर. गफूर, आज तुला जाऊन तिसरा दिवस.

सकाळी तुझ्या घरी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. गल्लीतले सगळे गेले, माझा मुलगाही गेला. मी घरी सांगितलं, गुडघा धरला आहे. गुडघा धरलेला नाही. मला तुझ्या दाराची भीती वाटते. दोन इयत्ता शिकलेला माणूस आणि ताठा दहा इयत्तांचा, असं तू मला म्हणायचास. त्या ताठ्याच्या माणसानं हे वाक्य जन्मात पहिल्यांदा लिहिलं, आणि तेही तू वाचणार नाहीस म्हणून.

तू किती चांगला होतास यावर लोक दोन दिवस पुष्कळ बोलले. मी ते लिहीत बसत नाही. तू किती खवट होतास ते मला माहीत आहे. मला एकच गोष्ट बोलायची आहे, पण ती बोलायला आधी विहिरीत उतरावं लागतं.

चाळीस वर्षं आपण मेहकर आणि लोणार तालुक्यांत विहिरी फोडल्या. वर मुरूम, खाली काळा फत्तर. फत्तरात भोकं पाडायची, तू दारू ठासायचास, मी वातींना काडी लावायचो, मग दोरानं वर यायचं आणि "बार आहे, बार!" अशी तीनदा आरोळी मारून झाडामागं पळायचं. तिथून बार मोजायचे. पाच भरले असतील तर पाच ऐकू आले पाहिजेत. चारच ऐकू आले, तर त्या दिवशी कोणी खाली उतरायचं नाही. मालक असो, मालकाचा बाप असो. उद्या सकाळी पाहू.

एकदा लोणारच्या वाटेवर एका वावरात चार बार वाजले आणि पाचवा गप्प. मालक घायकुतीला आलेला, कारण दगड ओला लागला होता, पाणी हातभरावर होतं. "वात इझली असंन बे, पाहून येतो," म्हणून तू दोराला हात घातलास. मी मागून तुझी बंडी धरली. तू मला आईवरून शिवी दिलीस. मी बंडी सोडली नाही. माझी एक बिडी ओढून झाली, दुसरी पेटवली, आणि तो पाचवा फुटला. डोक्याएवढा दगड लिंबाच्या शेंड्यावरून गेला आणि मालकाच्या गाडीचं जू मोडून पडला. तू कितीतरी वेळ त्या जुवाकडे पाहत राहिलास. मग म्हणालास, "शेषराव, आजपासून तू थांब म्हणला का मी थांबलो."

लेका, तू ते शेवटपर्यंत पाळलंस. तिथंच सगळं बिनसलं.

आभाळ तुझ्या डोक्यात शिरलं ते लोणारमुळं. ते विवर पाहायला लांबून शिकलेली माणसं येतात, दगडाचे तुकडे पिशव्यांत भरून, वर नंबर टाकून नेतात. मशिनी आल्या, आपलं काम बसलं, तेव्हा तू त्यांच्यामागं हातोडा घेऊन जायला लागलास. त्यातल्या एका बाईंनी तुला सांगितलं की चंद्रावर जे काळे डाग दिसतात तो आपल्यासारखाच काळा फत्तर आहे. आभाळातला धोंडा असल्या फत्तरावर पडला की काय होतं ते पाहायला लोणारसारखी जागा जगात मिळणं कठीण, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारेही इथं येतात. त्या दिवशी तू माझ्या दारात घामानं निथळत उभा होतास.

"शेषराव, चंद्रावर बी आपलाच दगड हाय बे!"

"मंग?"

"मंग काय? आपण तिथं विहीर फोडू शकतो."

"आन् पाणी?"

"दक्षिणेकून बर्फ हाय म्हणतात. सावलीतल्या खड्ड्याइत."

"किती हातावर?"

तू तसाच परत गेलास. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा घ्यायच्या आधीच म्हणालास, "ते अजून त्याइले बी माहीत नाही. पाहून राह्यले."

तेव्हापासून तू सुटलासच. उर्दू शाळेत चार इयत्ता झालेल्या, मराठी अक्षराला अक्षर लावून वाचणाऱ्या माणसानं मला काय काय सांगितलं! कुठल्याशा लहान धोंड्यावर मुद्दाम यान आदळून त्याची वाट बदलली. दुसऱ्या एका धोंड्यावरची मूठभर माती डबीत घालून खाली आणली. मी दरवेळी म्हणालो, थापा. तू दरवेळी म्हणालास, "तुले विहिरीच्या बाहीर काही हाय हेच पटत नाही."

तेवीस सालच्या ऑगस्टात चांद्रयान उतरायचं होतं, तेव्हा ग्रामपंचायतीसमोर टीव्ही लावला होता. मी तुझ्या मागं उभा राहून म्हणालो, "मागचं आपटलं, हे बी आपटते. उतरलं तं मिशी काढतो." उतरलं. पोरं नाचली, तू माझ्या गळ्यात पडून रडलास आणि मग लगेच वस्तरा मागितलास. मिशी मी काढली नाही. दोन वर्षं तू चारचौघांत माझ्या ओठाकडे बोट दाखवत राहिलास. आज खरं सांगतो. मी ते तुला चिडवायला बोललो नव्हतो. ते यान वरून खाली येत होतं, आणि वरून खाली येणारी कुठलीही वस्तू पाहिली की माझे डोळे आडोसा शोधतात. त्या लिंबाच्या शेंड्यावरून गेलेल्या दगडापासून शोधतात. तुझ्यापाशीसुद्धा मी हे कधी बोललो नाही.

म्हणून यंदा जानेवारीत तू टपरीवर येऊन म्हणालास, "एक नवा धोंडा सापडला. बत्तीस सालच्या डिसेंबरात येऊन राह्यला, लागला तं लागला," तेव्हा माझा कप बशीवर वाजला.

"कोठी लागन?"

"एक लांब पट्टा सांगून राह्यले. त्या पट्ट्यात आपला मुलूख बी हाय."

तुला मौज वाटत होती. कप वाजला ते तू ऐकलंस, आणि मौजेचं बोलणं तिथंच थांबवलंस. चारचौघांत हसला नाहीस. त्यानंतर रोज सकाळी मी टपरीवर यायचो आणि फक्त एवढंच विचारायचो, "आज किती?" टपरीवाला समजायचा, म्हातारा सोयाबीनचा भाव विचारतो. तू मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहायचास आणि हळूच सांगायचास. शंभरात एक. मग दोन. फेब्रुवारीच्या मध्यावर तीन.

"काऊन इतका भेतं बे? बत्तीस साली तू त्र्याऐंशीचा. धोंड्याच्या आधी तूच जाशीन."

"मी भेत नाही. पण आपण खड्ड्याजवळ राह्यतो. दगड एक बार जिथून फुटला, तिथूनच दुसऱ्यान फुटते."

"आभाळाले लोणार माहीत नाही, शेषराव."

मी उठून गेलो. पुढं उन्हाळा आला तरी मी अंगणात बाज टाकली नाही. घरी सांगितलं, डास फार झाले.

त्याच फेब्रुवारीत तुला दम लागायला लागला. तुझा मोठा अल्ताफ मेहकरचं दुकान बंद ठेवून तुला संभाजीनगरला घेऊन गेला. डॉक्टरनं नळी घालून पाहिलं, हृदयाच्या तीन वाटा बुजलेल्या. छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. परत आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तू टपरीवर आला नाहीस. सरळ माझ्या वावरात आलास आणि विहिरीच्या काठावर बसलास.

"डॉक्टर म्हणते, या वयात शंभरात तीन दगावतात." आणि हसलास. "धोंड्याचाच आकडा हाय बे! तोच!"

मला हसू आलं नाही.

"सत्त्याण्णव वाचतात," तू म्हणालास.

"तीन मरतात."

"न करता किती मरतात ते बी सांगतलं त्यानं."

"किती?"

"ते मी नीट आयकलं नाही."

तू जमिनीतला एक खडा नखानं उकरत होतास. मग विचारलंस, "काय करू?" इतक्या वर्षांत तू मला असं कधी विचारलं नव्हतंस. तू मला सांगायचास, मी नाही म्हणायचो, मग तू मनासारखं करायचास, अशी आपली रीत.

"थांब," मी म्हणालो. "घाई करू नको. तीन लय झाले. तो आकडा उतरू दे."

"हाव," तू लगेच म्हणालास.

लगेच. तुझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तुला कोणीतरी थांब म्हणायला पाहिजे होतं, आणि ते म्हणण्यासाठी तू नेमका माझ्याकडे आलास. मला तेव्हा हे कळलं नाही. मला वाटलं, मी तुला दुसऱ्यांदा बंडीला धरून मागं ओढलं. त्या दिवशी घरी जाताना माझी मान ताठ होती, गफूर. हे लिहिताना हात थांबतो, पण होती.

घरी तू सांगितलंस, माझं मन नाही. भाभी रडल्या, अल्ताफनं दोन दिवस जेवण सोडलं. तू माझं नाव घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर अल्ताफ माझ्याकडे भांडायला आला असता, माझ्याशी बोलून बोलून त्यानं मला पटवलं असतं, आणि मग मी तुला जा म्हणालो असतो. कदाचित म्हणूनच घेतलं नाहीस.

आठवडाभरात आभाळातला आकडा उतरला. एकदम. शंभरात काहीच उरलं नाही. मी टपरीवर मांडीवर थाप मारली. "पाह्यलं? थांबलो, उतरला."

तू मान हलवलीस. "थांबल्यानं नाही उतरला. ते रोज दुर्बिणी लावून त्याची वाट मोजत राह्यले, म्हणून उतरला. धोंडा आपल्या वाटेनंच चालला होता. आपल्याले माहीत नव्हतं ते माहीत झालं."

"एकच झालं."

"एक नाही, शेषराव."

हे भांडण तसंच राहिलं. तू धोंड्याबद्दल बोलत होतास की तुझ्या छातीबद्दल, ते मी विचारलं नाही. मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं, मग तूही जाऊन परत एकदा मोजून ये. एक वाक्य. मी भांडण जिंकायच्या नादात होतो.

मृग लागायच्या सुमारास तू नवी बातमी आणलीस. आपल्याला नाही, पण चंद्राला लागायचा संभव आहे म्हणतात. शंभरात चार. तेव्हा मात्र मला हायसं वाटलं आणि तुझा चेहरा उतरला.

"आपलं यान तिथं उभं हाय बे. एकटं."

"ते तं कधीचं बंद पडलं ना?"

"बंद पडलं म्हणून काय झालं?"

त्या दिवशी संध्याकाळी तुला मोकळ्यावरून चंद्र पाहायचा होता, म्हणून आपण मेहकर रोडनं पुलापर्यंत गेलो. एवढ्याशा वाटेत तू दोनदा बसलास. एकदा मैलाच्या दगडावर, एकदा पुलाच्या कठड्यावर. दोन्ही वेळा मी पाठ करून दुसरीकडे पाहत उभा राहिलो. मला सगळं ऐकू येत होतं. चाळीस वर्षं ज्यानं दोरावरून वर येणाऱ्या माणसाचा श्वास ऐकला, त्याला श्वास कळतो. तो श्वास चांगला नव्हता. मी म्हणालो, "चाल, चहा घेऊ."

यापेक्षा मोठं पाप माझ्या हातून झालेलं नाही. फेब्रुवारीत मी चुकलो, ती चूक. त्या पुलावर मला कळत होतं.

मला आता वाटतं, मी घाबरलो होतो. तेव्हा जा म्हणालो असतो आणि तू त्या तिघांतला निघाला असतास, तर? मी थांब म्हणालो आणि तुला काही झालं, तर ते देवाचं. मी जा म्हणालो आणि झालं, तर ते माझं. असा हिशेब मी मनात कधी केला ते मलाही कळलं नाही, पण केला होता. आणि तोही उलटाच निघाला.

दिवाळी होऊन गेल्यावर, परवा सकाळी, तू बूट घालायला वाकलास आणि वर उठला नाहीस. अल्ताफचा फोन आला तेव्हा मी टपरीवर तुझी वाट पाहत बसलो होतो. दोन चहा सांगून ठेवले होते.

कब्रस्तानात पोरं खोदायला लागली आणि चार फुटांवर अडली. फत्तर लागला. एक जण धावत मला बोलवायला आला, "काका, पहार बी लागून नाही राह्यली." मी गेलो. सगळे नको नको म्हणत असताना खाली उतरलो. दगडाला शीर असते, ती हातानं लागते. शोधली. तिथं पहार लावायला सांगितली आणि दगड सुटला. तुझ्यासाठी मी केलेलं शेवटचं काम ते. मग वर पाहिलं. जन्मभर मी खालून आभाळ पाहिलं आहे, गोल. हे लांबट होतं, माणसाच्या मापाचं.  वरून दगड येणार, आत्ता येणार, असं वाटून मी दोन्ही हात डोक्यावर धरले. पोरांनी मला बगलेत धरून वर ओढलं. त्यांना वाटलं, म्हातारपण आहे, दुःख आहे. ती भीती होती, गफूर. निव्वळ भीती.

मूठमाती देऊन तुझ्या घरी आलो तेव्हा भाभी आत होत्या. नवऱ्यामागची इद्दत लागली, म्हणून मधल्या दाराला पडदा. त्यांनी पडद्याआडूनच हाक मारली.

"शेषराव भाऊ, आलते का?"

"हाव भाभी."

"मायं नाही आयकलं त्याइनं. पोराचं नाही आयकलं. तुमच्यापाशी बोलले असते तं तुमचं तं आयकलंच असतं. जिंदगीभर तुमचंच आयकलं."

अल्ताफ माझ्याजवळ उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुन्हा म्हणालो, "हाव भाभी," आणि बाहेर पडलो.

त्या दुसऱ्या 'हाव'मुळं मी तीन दिवस घरात बसलो आहे. मला अल्ताफच्या रागाची भीती नाही. तो ओरडला, त्यानं मला गल्लीतून हाकललं, तरी चालेल. भीती याची आहे की मी बोललो नाही तर काहीच होणार नाही. भाभी मला तोच माणूस समजतील, ज्याच्या सांगण्यानं तू वाचला असतास. अल्ताफ सणाला डबा पाठवेल. आणि मी तो खाईन. तीन दिवसांतच मला त्याची सवय व्हायला लागली आहे. काल सून म्हणाली, "काकांनी तुमचं तरी ऐकायचं होतं," आणि मी मान हलवली. सहज हलली.

डोळे मिटले की विहिरीच्या काठावर शंभर माणसं बसलेली दिसतात. सगळ्यांनी तुझीच बंडी घातलेली. मी मोजायला लागतो. त्यातले तीन पडतात. सत्त्याण्णव उठून, धोतर झटकून, घरी चहाला जातात. दरवेळी मी तू कुठं आहेस ते शोधतो, आणि दरवेळी तू त्या घरी जाणाऱ्यांत सापडतोस. एकदाही पडलेल्यांत सापडला नाहीस. तसा सापडला असतास तर मी आज जियारतीला आलो असतो.

तू म्हणाला होतास, तो धोंडा आता लांब गेला, अठ्ठावीस साली परत दिसेल, तेव्हा पुन्हा मोजतील. तेव्हा मी टपरीवर कोणाला विचारू? तू रोज सकाळी मला आकडा सांगितलास, घाबरलेल्या माणसाला सांगावा तसा, हळूच, कोणाला कळू न देता. एक दिवस चुकवला नाहीस. आणि तू मला एकदाच विचारलंस, तर मी तुला काय दिलं?

ऊन उतरलं आहे. वही मिटतो. उद्या जातो. लिहिलं आहे म्हणजे आता जावं लागेल.

पुढचं सकाळी जाऊन आल्यावर लिहीत आहे.

मी सातला निघालो. टपरीवर थांबलो नाही. तुझ्या दाराशी चपला काढल्या, एक उलटी पडली, ती तशीच राहू दिली. अल्ताफ ओट्यावर होता. "या काका, बसा," म्हणाला. मी बसलो नाही. मधल्या दारापाशी गेलो. पडद्याखालून भाभींची पावलं दिसत होती.

"भाभी, त्या दिवशी मी खोटं हाव म्हणलो. गफूरनं मले इचारलं होतं. वावरात येऊन इचारलं. मीच त्याले थांब म्हणलो."

मागं अल्ताफ उठल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही. पडदा हलला नाही. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल गेली, तिचा आवाज पार रोडला लागेपर्यंत ऐकू येत राहिला.

मग आतून भाभींनी विचारलं, "भाऊ, इचारलं तवा ते भेले होते काय?"

"हाव भाभी," मी म्हणालो. "तो बी भेला होता. मी बी."

  आता बसा असं कोणी म्हणालं नाही. मी निघून आलो नाही. तसाच पडद्यासमोर उभा राहिलो.